गुळगुळीत आवाज

त्या प्रयोगशाळेत बरणीला जेवढा मान होता तेवढा विभागप्रमुखांनाही नव्हता. बरणी म्हणाल तर साधीच, रुंद तोंडाची, काचेची. झाकणाला दोन भोकं पाडून त्यांतून नळ्या घातलेल्या आणि उलटी करून लोखंडी स्टँडला बांधलेली. खाली पाणी, वर हवा. पंपातून निघालेलं पाणी आधी या बरणीत शिरायचं आणि मग पुढच्या लांब नळीत जायचं. पंप म्हणजे जुनं खोड. पाणी ढकलायचा तोही धक्के देत, उपकार केल्यासारखा. बरणीतली हवा ते सगळे धक्के पोटात घालायची आणि पलीकडे पाणी निघायचं ते एका चालीत, संथ.

ही बरणी जिने बांधली तिला विद्यार्थी पाठीमागे बरणीबाई म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. घरी तिचं नाव वेगळं होतं. थोरला भाऊ तिला बुडबुडी म्हणायचा, कारण नोकरीला लागल्यापासून घरात पाऊल टाकलं की तिची एकच तक्रार असायची: आज नळीत बुडबुडे फार होते.

तिचं काम वाहणारं पाणी मोजायचं. टेबलावर पाण्याची टाकी, टाकीत बुडवलेली मऊ रबरी नळी, आणि नळीतून गोल गोल फिरणारं पाणी. बाहेरून पेनाएवढी एक कांडी त्या नळीवर तिरकी धरायची. कांडीतून माणसाला ऐकू न येणारा आवाज आत जातो, पाण्याबरोबर वाहणाऱ्या कणांवर आपटून परत येतो आणि येताना कणांच्या वेगाप्रमाणे बदलून येतो. तो बदल यंत्र आपल्या कानाला कळेल असा करून स्पीकरमधून ऐकवतं. डॉप्लर म्हणतात ते हेच. नुसतं स्वच्छ पाणी या यंत्राला दिसत नाही, म्हणून त्यात पिठाहून बारीक भुकटी मिसळावी लागते. कांडी काटकोनात उभी धरली तर खालून नदी वाहत असली तरी यंत्र म्हणणार, छे, इथे काहीच नाही. जरा कलती केली की लगेच तोंड उघडणार. अशा लहरी यंत्राबरोबर तिची हयात गेली होती आणि दोघांचं छान जमलेलं होतं.

पडद्यावर आलेख उमटायचा, आकडे यायचे, पण ती आधी कानाने ऐकायची. नळीतून पाणी नीट वाहत असलं की स्पीकरमधून "शूऽऽ" असा एकसारखा आवाज यायचा, ना चढ ना उतार. तिच्या तोंडी त्याला एकच शब्द होता, गुळगुळीत. तिच्याकडून मिळणारी सगळ्यात मोठी शाबासकी तीच. कुणाच्या प्रयोगात आवाज धडधडत आला की ती मान हलवायची. "धक्के येताहेत. बरणीत हवा आहे का बघ. गुळगुळीत झाल्याशिवाय मला बोलवू नकोस." मुलं मुकाट्याने जाऊन बरणी बघायची. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. तिच्या कानात हे इतकं मुरलं होतं की रस्त्यावरून एखादी गाडी धडधडत गेली तरी तिला वाटे, हिला कुणीतरी बरणी बांधायला हवी.

ती दादा-वहिनींकडेच राहायची. लग्नाचं कधी जमलं नाही, पुढे पुढे कुणी विषयही काढेना. दादा शहर बसवर ड्रायव्हर. अंगापिंडाने दणकट, बोलायला मोकळाढाकळा, आणि ओठात सिगारेट नसेल तर चुकल्याचुकल्यासारखं वाटणारा माणूस. त्याच्या बसमध्ये चढलेल्या म्हाताऱ्या बायका उतरताना त्याला हात करून जायच्या. स्टिअरिंगवर बसला की तो राजा होता. खाली उतरला की चारचौघांसारखाच.

त्याच्या उजव्या पायाचं पहिल्यांदा लक्षात आलं ते वहिनींच्या.

"वन्सं, तुमच्या भावाला हल्ली खरेदीचा नाद लागलाय," भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या. "दर दोन दुकानांनंतर काचेपुढे उभे राहतात. काल बायकांच्या पर्सेस बघत होते. मी म्हटलं घ्यायची आहे का, तर म्हणे नाही, नुसतं बघतोय."

बुडबुडी हसली. दादा हसला नाही. वहिनी आत गेल्या तसा हळूच म्हणाला, "पोटरी भरून येते गं. थोडं चाललो की असं वाटतं कुणी पिळतंय. थांबलो की जातं. उगाच रस्त्यात उभं राहून लोकांना काय सांगायचं, म्हणून काचेत बघतो."

"डॉक्टरकडे जा."

"जातो आणि घालवतो नोकरी! तिथे नुसतं नाव लिहिलं तरी कंपनीला कळतं. उजवा पाय म्हणजे ब्रेक. एकदा मला स्टिअरिंगवरून उतरवलं की डेपोत झाडू मारायला लावतील." मग तिच्याकडे बघून त्याने आवाज खाली आणला. "तुझं ते यंत्र असतं ना? नळीतलं पाणी ऐकतेस, मग माझ्या पायातलं रक्त नाही ऐकता येणार?"

तिला हसू आलं, पण प्रश्न काही वेडगळ नव्हता. रक्तातही कण असतात, तेही वाहतं, तेही नळीतूनच. यंत्र मुळात त्यासाठीच निघालेलं आहे, हे तिने वाचलं होतं. घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडामागे कांडी धरायची, हेही एका पुस्तकातल्या चित्रात पाहिलं होतं. खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. आयुष्यभर ज्या कामाची घरात थट्टा झाली त्या कामावाचून आज दादाचं घोडं अडलं होतं.

कॉलेजला सुट्टी होती त्या दिवशी तिने त्याला प्रयोगशाळेत नेलं. दादा टेबलावर चढून बसला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि इकडेतिकडे बघत म्हणाला, "हीच का ती तुझी बरणी? नमस्कार हो, बरणीबाई."

आधी तिने डावा पाय घेतला, चांगला पाय. घोट्यामागे थंडगार जेल लावलं, कांडी तिरकी धरली. स्पीकर एकदम खेकसला. "छप्-च्या, छप्-च्या." प्रत्येक ठोक्याला जोराचा फटका, मग उलटा हिसका, मग क्षणभर गप्प. तिने नकळत तोंड वाकडं केलं. विद्यार्थ्याने असा आवाज आणला असता तर तिने त्याला बरणीकडे पिटाळलं असतं.

मग उजवा. कांडी थोडी पुढे, थोडी मागे, पण आवाज सापडेना. तिने कोन बदलला, आवाजाचं बटण वर फिरवलं. आणि मग तो आला. "शूऽऽऽ." मऊ, एकसारखा, कुठे धक्का नाही, हिसका नाही. ठोक्याबरोबर जरा फुगायचा आणि जरा उतरायचा, बस. तिचा चेहरा उजळला. पडद्यावर बघायच्या आधीच तिच्या कानाने निकाल देऊन टाकला होता.

"काय म्हणतंय?" दादाने विचारलं. त्याचा जीव टांगणीला लागला होता, हे त्याच्या हसण्यातूनही दिसत होतं.

"गुळगुळीत," ती म्हणाली. "या पायात एकदम गुळगुळीत वाहतंय. उलट डाव्यातच धडधड जास्त आहे. चहा कमी कर जरा."

"म्हणजे नस तुंबलेली नाही?"

"तुंबली असती तर आवाज आला असता का? वाहतंय, मी ऐकलं ना. स्नायूचं दुखणं असेल. शेक घे."

दादाने एवढा मोठा सुस्कारा सोडला की टाकीतलं पाणी हललं असेल. घरी जाताना त्याने तिला बसच्या पुढच्या सीटवर बसवलं आणि वाटेत जो ओळखीचा भेटेल त्याला सांगितलं, "आमच्या बहिणीने माझ्या पायाचा आवाज काढला. गुळगुळीत निघाला." वहिनींनी कुणाच्या तरी ओळखीने एका दवाखान्यात वेळ ठरवून ठेवली होती. ती त्यांनी त्याच संध्याकाळी रद्द केली.

पुढचे काही आठवडे तो शब्द घरात नांदत होता. दादाला जिना चढताना थांबावं लागलं की वहिनी काळजीने बघायच्या आणि तो म्हणायचा, "अगं, गुळगुळीत आहे, बुडबुडीने ऐकलंय." रात्री पाय पलंगाखाली लोंबकळत सोडून झोपायला लागला, तसं बरं वाटतं म्हणे. मग नव्या बुटाने अंगठ्याला एक जखम झाली, नखाएवढी. ती भरेना. वहिनींनी हळद लावली, मलम लावलं. जखम आपली तशीच, ओली आणि फिकी.

बुडबुडीने यंत्र घरी आणलं. डब्याएवढंच होतं ते, पिशवीत मावायचं. पुन्हा घोट्यामागे कांडी धरली. आवाज होता, पण फार बारीक. प्रयोगशाळेत आवाज बारीक आला की काय करायचं हे तिला झोपेतही माहीत होतं. तिने बटण फिरवलं, आणखी फिरवलं, जोवर तो मागच्याएवढा मोठा झाला नाही तोवर फिरवलं. मग कान देऊन ऐकलं. शूऽऽऽ. मागच्याहूनही सलग. आता तर ठोकासुद्धा वेगळा कळत नव्हता.

"आहे तसाच आहे," ती म्हणाली. "जरा जास्तच छान."

वहिनी म्हणाल्या, "मग जखम का भरत नाही?"

"बूट बदलायला सांगा त्याला," ती म्हणाली, आणि यंत्र पुसून पिशवीत ठेवलं.

पुढच्याच आठवड्यात प्रयोगशाळेत नवा पंप आला. वैद्यकीय कॉलेजच्या मंडळींबरोबर काही काम ठरलं होतं, त्यांच्यासाठी. हा पंप मुद्दाम ठोके देत पाणी सोडायचा, हृदयासारखे. विभागप्रमुख, ज्यांना सगळे सर म्हणत, ते हौसेने स्वतः हजर होते.

"बाई, आज तुमच्या बरणीला रजा," ते म्हणाले. "धक्के घालवायचे नाहीत, ठेवायचेत. ते धक्के म्हणजेच तर आपली रक्तवाहिनी."

तिने थोड्या नाराजीनेच बरणी सोडवून बाजूला ठेवली. पंप सुरू केला, कांडी नळीवर धरली. "छप्-च्या, छप्-च्या." विद्यार्थी हसले, कुणी म्हणालं नळीला जीव आला. ती हसली नाही. हा आवाज तिने ऐकला होता. दादाच्या डाव्या पायात.

"हा झाला निरोगी माणूस," सर म्हणाले. "वाहिनी मोकळी असली की ठोका असा खणखणीत येतो, आणि मग थोडा उलटा फिरतो. आता आजारी करू या." त्यांनी पेचाची चिमटी घेतली, वरच्या बाजूला नळीवर बसवली आणि पेच पिळत आणला. नळी दबून कागदासारखी चपटी झाली, पण पूर्ण बंद नाही. "बाई, चिमटीच्या खालच्या अंगाला धरा. पायाकडच्या बाजूला."

तिने कांडी खाली सरकवली. आवाज बारीक झाला होता. तिचा हात आपसूक बटणाकडे गेला.

शूऽऽऽ.

"ऐका," सर म्हणाले. "काय झालं?"

पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, धक्के गेले. आवाज गुळगुळीत झाला." आणि सवयीने बुडबुडीकडे बघून म्हणाली, "छान आलाय ना, मॅडम?"

"छान?" सर हसले. "अहो, हा तर पाय जायच्या वाटेवरचा माणूस आहे. रक्त कुठूनतरी झिरपत येतंय म्हणून आवाज आहे, पण वर अडलंय, म्हणून ठोका पोचत नाही. आवाज जितका सलग तितकं दुखणं..."

पुढचं तिला ऐकू आलं नाही. कांडी तिच्या हातातून टाकीत पडली. सर "बाई, बाई" म्हणत राहिले आणि ती ओल्या हातांनीच दाराबाहेर पडली. जिन्यातून घरी फोन लावला. वहिनी म्हणाल्या, ते कामावर गेलेत, सकाळपासून पाय बधिर वाटतोय म्हणत होते, पण तुमचं नाव घेऊन गेले. म्हणाले, बुडबुडीने परवाच ऐकलाय.

ती डेपोत पोचली तेव्हा दादाची बस आत येऊन उभी होती. उतारू सगळे गेले होते. दादा एकटाच स्टिअरिंगवर बसून होता.

"अगं, तू इकडे कुठे?" तो म्हणाला. चेहरा घामाने निथळत होता, तरी हसला. "उतरता येईना बघ. पाय झोपलाय. शेवटचा स्टॉप तर डाव्या पायाने ब्रेक मारून गाठला. कुणाला बोलू नकोस."

ती खाली वाकली आणि त्याचा बूट काढला, मोजा काढला. अंगठा आणि शेजारची दोन बोटं काळीनिळी पडली होती. पाऊल फरशीसारखं गार होतं. ती त्याचा पाय दोन्ही हातांत धरून, ऊब देता येईल तेवढी देत, तिथेच पायरीवर बसून राहिली आणि डेपोतल्या लोकांना ओरडून ओरडून बोलावत राहिली.

दवाखान्यात डॉक्टरांच्या हातातही तसलीच कांडी होती. त्यांनी ती घोट्यामागे धरली, पावलावर धरली, कोन बदलला, आवाज वाढवला. स्पीकरमधून नुसती खरखर येत होती. रिकाम्या नळीची खरखर. खोलीत ती एकटीच अशी होती की जिला डॉक्टरांच्या आधी कळलं.

"इतके दिवस कुणाला दाखवलं नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

"दाखवलं तर," दादा गुंगीतसुद्धा अभिमानाने म्हणाला. "बहिणीने ऐकलं होतं. याच यंत्राने. तेव्हा उत्तम होता."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. बाहेर बोलावलं. "तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही. प्रयोगशाळेत असते. प्रवाह मोजते."

"आवाज कसा होता?"

"सलग," ती म्हणाली. "गुळगुळीत."

डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "बरं," आणि आत गेले.

नस मोकळी करायचा त्यांनी प्रयत्न केला. नंतर गुडघ्याखाली पाय काढावा लागला.

शुद्धीवर आल्यावर दादाने पहिला दिवस भिंतीकडे तोंड करून काढला. दुसऱ्या दिवशी बुडबुडी उशाशी बसली होती तेव्हा त्याने तिचा हात धरला. ती सांगायलाच आली होती. रात्रभर शब्द जुळवले होते. पण बोलला तो आधी.

"तू वाईट वाटून घेऊ नकोस. तू ऐकलंस तेव्हा ठीकच होता. नंतर बिघडला. सिगारेटी काय मी थोड्या ओढल्या? तूच कितीदा ओरडलीस."

दार उघडं होतं. तिला बाहेर पडता आलं असतं, म्हणजे खोटेपणातून. एका वाक्याचं काम होतं. पण वहिनीही म्हणाल्या, "हो ना, वन्सं बिचाऱ्या दोनदोनदा तपासत होत्या," आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तिने तसंच राहू दिलं. त्या दिवशी राहू दिलं, मग दुसऱ्या दिवशी, आणि मग सांगायची वेळच निघून गेली असं ती स्वतःला समजावत राहिली. मनातल्या मनात ती जाणून होती की वेळ कुठे गेलेली नाही, रोज समोर बसलेली आहे.

कंपनीने दादाला घरी बसवलं. झाडूसुद्धा दिला नाही. तो खिडकीशी खुर्ची टाकून खालून जाणाऱ्या बसचे आवाज ऐकत बसायचा आणि ब्रेक कुणी कसा मारला त्यावरून ड्रायव्हर ओळखायचा. हसणं कमी झालं होतं, पण तिला बघून मुद्दाम काहीतरी चेष्टा करायचा. ती चेष्टा तिला सोसवत नसे. जेवताना घास फिरायचा. वहिनींना वाटायचं, भावासाठी झुरतेय. त्यामुळे त्या तिलाच जास्त जपायच्या आणि त्या जपण्याने तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

प्रयोगशाळेत तिने स्पीकर बंद करून टाकला. आता ती फक्त आकडे वाचायची. मुलं विचारायची, मॅडम, गुळगुळीत आलाय का, तर म्हणायची, पडद्यावर बघा, कानावर जाऊ नका. बरणी तिने कपाटात मागे ढकलून ठेवली होती. एकदा साफसफाईत ती समोर आली तेव्हा तिला फोडून टाकावीशी वाटली. पण बरणीचा काय दोष? ती तिचं काम चोख करत आली होती. बुडबुडीच्या कानानेही आपलं काम चोखच केलं होतं, आणि तीच गोष्ट तिला कुणाला सांगता येत नव्हती. अडाणीपणाने चूक झाली असती तर माणूस रडून मोकळा झाला असता. इथे आयुष्यभर जे मन लावून शिकली त्यानेच दादाचा पाय नेला होता.

असे बरेच दिवस गेले. एका रविवारी दादा म्हणाला, "बुडबुडे, तुझं यंत्र आण गं एकदा."

"कशाला?"

"डावा ऐक. आता याच्यावरच सगळा भार. कुबड्या घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जातो तर पोटरी भरून येते हल्ली. दवाखान्यातली तारीख पुढच्या महिन्यात आहे, पण तिथल्या पोरांपेक्षा माझा तुझ्या कानावर भरवसा आहे."

तिने टाळाटाळ करून पाहिली. मग दुसऱ्या दिवशी यंत्र आणलं. वहिनी स्वयंपाकघरात होत्या. दादाने पलंगावर बसून पाय लांब केला. एका बाजूला पाय, दुसऱ्या बाजूला दुमडून पिन लावलेली पँट. तिने जेल लावलं. कोपर गादीवर टेकवलं. देव कुणाला काय देतो ते तिला माहीत नव्हतं, पण त्या क्षणी तिने जो कुणी असेल त्याच्याकडे फटका मागितला. तो खेकसणारा, खणखणीत, धडधडणारा फटका. छप्-च्या.

कांडी कलती केली. आवाज लगेच सापडला नाही. तिने बटणाला हात लावला नाही. नुसता कोन बदलला.

शूऽऽऽ.

मऊ. एकसारखा. ठोक्याबरोबर जरा फुगणारा, जरा उतरणारा.

दादाने डोळे मिटून ऐकलं. आणि कितीतरी दिवसांत पहिल्यांदा त्याचा चेहरा मोकळा झाला. "ऐकलंस?" तो म्हणाला. "मागे हाच धडधडत होता ना? चहा कमी केला त्याचा गुण बघ. हाही गुळगुळीत झाला."

तिने कांडी खाली ठेवली. यंत्र तसंच खरखरत राहिलं.

"वहिनी," तिने हाक मारली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. "गॅस बंद करा. रिक्षा बोलवा. दवाखान्यात जायचंय, आत्ताच्या आत्ता."

"अगं पण का?" दादा हसतच म्हणाला. "चांगला तर आहे."

"नाही," ती म्हणाली. "गुळगुळीत चांगला नसतो, दादा. वर अडलं की आवाज असा येतो. धडधडतो तो पाय चांगला." आणि एवढं बोलल्यावर उरलेलं गिळता आलं नाही. "तेव्हाही असाच येत होता. उजव्यात. मी ऐकलं तेव्हाच तो बिघडलेला होता. दोन्ही वेळा."

वहिनी दारात येऊन उभ्या होत्या. हातातलं फडकं तसंच होतं.

दादा तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही, ते जागच्या जागी विझत गेलं. त्याने एकदा पिन लावलेल्या पँटकडे पाहिलं. मग तिच्याकडे न बघता पायथ्याची चादर ओढली आणि डाव्या पायावर घेतली, खाली घोट्यापर्यंत, कडा नीट खोचून, परक्या माणसापुढे घ्यावी तशी.

"अगं," तो वहिनींना म्हणाला, "मला जरा उठव."

तिने हात पुढे केला होता. तो त्याने धरला नाही.